दोनदा मिळवलेले पंधरा

ऑफिसात तिला सगळे मिलिमीटर म्हणत. तोंडावर मिलिमीटरताई, पाठीमागे नुसतंच मिलिमीटर. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर दोन्ही आवडायचं. घरांचे नकाशे काढण्यात बाईंची बत्तीस वर्षं गेली होती. पहिली अकरा वर्षं मोठ्या तिरप्या टेबलाशी उभं राहून, पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपर घेऊन. पुढची सगळी कॉम्प्युटरसमोर बसून. कॉम्प्युटर आला तेव्हा तिच्या बरोबरीच्या दोघांनी सरळ हात टेकले. हिने मात्र साहेबांकडून सुट्टीच्या दिवसांपुरती ऑफिसची किल्ली मागून घेतली, आणि तीन महिन्यांत ते घरं काढायचं सॉफ्टवेअर असं काही पचवलं, की ज्याने ते शिकवायचं तो माणूसच हिला शंका विचारायला लागला.

तिच्या कामात बोट दाखवायला जागा नसे. दुसऱ्याच्या नकाशात दरवाजा भिंतीत बोटभर शिरलेला दिसला तरी हिला जेवण गोड लागायचं नाही. आणि चूक सांगायची पद्धत तरी कशी, तर समोरच्याने आठवडाभर मान वर करू नये. एका नव्या मुलीकडून जिन्याची एक पायरी जास्त पडली होती, तर हिने सगळ्यांसमोर विचारलं, ही शेवटची पायरी गच्चीवरून थेट ढगात जाते का? सगळे हसले. ती मुलगी महिन्याभरात दुसरीकडे गेली. बाई वाईट नव्हती हो, पण चूक ही दुसऱ्यांच्या हातून होणारी गोष्ट आहे असं तिचं मनापासून मत होतं.

लग्न तिने केलं नाही. ती राहायची दादा-वहिनीकडे, म्हणजे तिच्या घरीच. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, वडील त्याआधीच गेलेले. दादा तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. त्याने वर्षभरात लग्न केलं आणि वहिनी आली. वहिनी चणीने इतकी लहान, की पहिल्या दिवशी हिला वाटलं, आपल्याशी खेळायला कुणीतरी आलंय. पण त्या लहानशा बाईने हिला वाढवलं. तापात रात्री जागवल्या, शाळेत जाऊन बाईंशी भांडली, आणि हिला नकाशे शिकायचे होते तेव्हा दादा कां-कूं करत होता, तर त्याच्याशी चार दिवस अबोला धरला.

भाड्याचं ते घर बांधणारा माणूस बहुतेक ताडमाड असावा. स्वयंपाकघरातला ओटा वहिनीच्या छातीला लागायचा. म्हणून ओट्यापाशी कायमचं एक स्टूल. चढायचं, पातेलं ठेवायचं, उतरायचं, काही राहिलं की पुन्हा चढायचं. पंचेचाळीस वर्षं त्या बाईने हा व्यायाम केला. दादा दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचा, आपलं घर झालं ना, की तू पाय जमिनीवर ठेवून स्वयंपाक करशील. वहिनी म्हणायची, आधी घर तर होऊ दे, मग पायांचं बघू.

शेवटी घराचा योग आला तो दादा निवृत्त झाल्यावर. तोवर वहिनीच्या गुडघ्यांनी हात वर केले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की स्टूल आता विसरा, पडलात तर पुन्हा उभ्या राहणार नाही. घराचा नकाशा कोण काढणार हा प्रश्नच नव्हता. काम तिच्याच ऑफिसने घेतलं. तिने वहिनीला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि टेप लावून माप घेतलं. ओट्याची उंची पंच्याहत्तर सेंटिमीटर. वहिनी लाजून म्हणाली, “अगं, शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय.” त्या दिवशी बाई इतकी खुशीत होती की ऑफिसात कुणाची एकही चूक काढली नाही.

आता जरा नीट ऐका, कारण सगळी गंमत, म्हणजे गंमत कसली, सगळा घात इथे आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूची जमिनीपासूनची उंची आपण आकड्यात भरायची असते. ओट्याचा दगड, खिडकी, दिव्याचं बटण, फळी, सगळ्याची. पण जमीन म्हणजे कुठली जमीन? तर ती वस्तू ज्या मजल्यावर किंवा पातळीवर ठेवली असेल, त्या पातळीची. तोवर सगळं घर एकाच पातळीत होतं. मग पाया खोदताना स्वयंपाकघराच्या बाजूला खडक लागला. साहेब म्हणाले, फोडत बसण्यापेक्षा ती खोली पंधरा सेंटिमीटर वर घ्या, बैठकीतून एक पायरी चढून जातील. हिने काय केलं, नवी पातळी न करता त्याच पातळीत स्वयंपाकघराखाली पंधरा सेंटिमीटरचा चौथरा टाकला. उंची अजून बैठकीच्या जमिनीपासूनच मोजली जात होती, म्हणून तिने प्रत्येक वस्तूत पंधरा मिळवले. ओटा पंच्याहत्तरचा नव्वद झाला. इथपर्यंत सगळं चोख.

दोन दिवसांनी साहेबांनी ठरवलं की मागची न्हाणी आणि कोठीही वर घ्यायची, तेव्हा हा सगळा भाग वेगळी पातळी म्हणूनच काढा. कागद त्याच दुपारी साइटवर हवे होते, साहेब खुर्चीमागे घड्याळ बघत उभे. तिने पंधरा सेंटिमीटर उंचीवर नवी पातळी केली, चौथरा काढून टाकला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या वस्तू उचलून नव्या पातळीवर ठेवल्या. वस्तू आपापले आकडे सोबत घेऊन गेल्या. ओटा नव्वदच राहिला, फक्त आता नव्वद स्वयंपाकघराच्या जमिनीपासून. पंधरा दोनदा मिळवले गेले. ते परत वजा करायचे राहिले. आणि चित्रात बघावं तर कुठे काही खटकू नये, कारण जगातले निम्मे ओटे नव्वदचेच असतात.

घर बांधणारा मिस्त्री बारा वर्षं या ऑफिसची कामं करत होता. बोलायला कमी, हाताला पक्का. पुष्कळदा हिच्या नुसत्या फोनवरच्या शब्दावर त्याने भिंती उभ्या केल्या होत्या. ओट्याचं काम निघालं तेव्हा त्याचा फोन आला. वहिनींना त्याने साइटवर पाहिलं होतं, म्हणून त्याने विचारलं की ओटा नव्वद लिहिलाय, त्यांना उंच नाही का व्हायचा? हिच्यापुढे तेव्हा दुसऱ्याच एका इमारतीचा नकाशा होता आणि डोकं तापलेलं. नव्वद हा आकडा आपण स्वतः टाकलाय हे तिला स्वच्छ आठवत होतं. ती म्हणाली, “कागदावर नव्वद आहे ना? मग नव्वद. कागद मी काढलाय.” आणि फोन ठेवून दिला.

घर तयार झालं. मधे ती एकदा साइटवर जाऊन आली, ओट्याच्या दगडावरून हातही फिरवला. पण ती स्वतः चांगली उंच, नव्वदचा ओटा तिला अगदी मापाचा. तिला काहीही वाटलं नाही.

सामान हलवलं त्या दिवशी सकाळी वहिनी पायरी चढून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी उभी राहिली. ओटा छातीला. जुन्या घरात लागायचा तिथेच. तिने नुसता दगडावर हात ठेवला. दादा मागून आला, त्याने पाहिलं, आणि त्याचा चेहरा जो उतरला तो बघवत नव्हता. मिस्त्री दारांच्या बिजागऱ्यांचं किरकोळ काम उरकायला आलेलाच होता. दादाने त्याला हाक मारली आणि त्याचा जो उद्धार केला, तो शेजारपाजारच्यांनीही ऐकला असेल. माझ्या बायकोला पंचेचाळीस वर्षांनी एक ओटा मिळणार होता, तोही तुला धड बांधता आला नाही? डोळे फुटले होते का?

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, कागदावर नव्वद होतं, आणि मला शंका आली म्हणून मी ताईंना फोन करून विचारलंही होतं. दादा हिच्याकडे वळला. कागद आता कुठला असायला, साइटवरचा कागद काम संपेस्तोवर टिकला तर टिकतो. हिला तो फोन आठवला, आपला आवाज आठवला. पण दादा समोर, वहिनी समोर, दारात सामान उतरवणारी माणसं, आणि बत्तीस वर्षांत जे शब्द कधी उच्चारले नव्हते ते एकदम जिभेवर यायला तयार होईनात.

“असा फोन मला आठवत नाही,” ती म्हणाली.

मिस्त्री पिशवी उचलून, हातातलं बिजागरीचं काम तसंच टाकून निघून गेला.

एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ म्हणता आलं असतं की बाईचा तोल गेला. पण दुसऱ्या दिवशी दादाने साहेबांना फोन केला आणि साहेबांनी त्या नकाशाची प्रत मागितली. हिने फाइल उघडली. ओटा नव्वद, पातळी पंधरा. एका क्षणात तिला सगळं कळलं, आपली चूक कुठे आणि कशी झाली ते. आणि तिने, हो, आपल्या मिलिमीटरनेच, नव्वद खोडून पंच्याहत्तर केलं. खिडकी, बटणं, फळ्या, सगळ्यातून पंधरा वजा केले, प्रत काढली आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, इतक्या वर्षांचा माणूस, आणि वर खोटंही बोलला! चुकला असता तर सांभाळून घेतलं असतं, खोटं नाही चालणार. त्या दिवसापासून मिस्त्रीचं काम बंद झालं. पुढच्या दोन घरांसाठी दुसरा माणूस ठरला. आणि या धंद्यात एका ऑफिसातून माणूस खोटारडा म्हणून गेला की दुसरी ऑफिसंही दार लावून घेतात.

नव्या घरात तिला घास उतरेना. स्वयंपाक आता दादा करायचा. वहिनी खुर्चीवर बसून टेबलावर भाजी चिरायची आणि तिथूनच सूचना द्यायची, आच कमी करा, ढवळा, अहो, ते मीठ नव्हे. दादा करपवायचा, वहिनी हसायची, दादाही हसायचा. त्यांचं ते हसणं ऐकलं की हिला ताटावरून उठून जावंसं वाटे. आपणच सुट्टीच्या दिवशी सगळा स्वयंपाक करायचा असं तिने ठरवलं, तर वहिनी कौतुकाने म्हणाली, पोरीला किती काळजी! ते तर जास्तच झोंबलं. ऑफिसात ती कुणाच्या चुका काढेनाशी झाली. लोकांना वाटलं, बाई आजारी आहेत.

असे दोन महिने गेले. एका सकाळी ती ऑफिसला निघत होती. वहिनी खिडकी उघडायला धडपडत होती, कडीला हात पुरत नव्हता. हिने जाऊन उघडून दिली. वहिनी सहज म्हणाली, “खिडकीही उंच, दिव्याचं बटणही उंच, फळीपण. बटणं तर मिस्त्रीने नाही ना बसवली, ती वायरिंगवाल्याने बसवली. दोघं वेगवेगळी माणसं, मग सगळंच सारखं कसं गं चुकलं?” तिच्या मनात काही नव्हतं. ती खरंच नवल करत होती.

हिने पर्स खांद्याला लावली, चप्पल घातली आणि ऑफिसला न जाता मिस्त्रीला शोधायला निघाली. त्याच्या घरी कळलं की तो एका दुकानाच्या दुरुस्तीवर जातो. तिथे गेली तर हा विटा वाहत होता. भिंत बांधणारा दुसराच होता, वयाने याच्या निम्मा, आणि याला म्हणत होता, जरा भराभर आणा. बारा वर्षं ज्याची भिंत सरळ आहे का हे बघायला ओळंबा लावायची गरज पडली नाही, तो माणूस डोक्यावरून विटा आणून दुसऱ्याच्या पायाशी रचत होता.

त्याने तिला पाहिलं, विटा खाली ठेवल्या आणि हात झटकत बाहेर आला. तिने रस्त्यावरच, जाणाऱ्या-येणाऱ्यांसमोर, सगळं सांगितलं. पंधरा दोनदा कसे मिळवले, फोन आठवत असून नाही कसं म्हटलं, आणि मागाहून फाइल कशी बदलली. फाइलचं त्याला माहीत नव्हतं. ते ऐकताना त्याने एकदा डोळे मिटून घेतले. शेवटी ती म्हणाली, माझी चूक झाली, मला माफ करा.

“मला काय सांगता, ताई?” तो म्हणाला. “मी चुकलो नव्हतो हे मला पहिल्यापासून माहीत आहे. ज्यांच्यासमोर गप्प बसलात त्यांना सांगा.” आणि तो विटा उचलायला परत गेला.

तिथून ती थेट ऑफिसला गेली. साहेबांच्या केबिनचं दार लावून सांगता आलं असतं, पण तिने ते उघडंच ठेवलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बाहेर टेबलांवरच्या माना वर झाल्या. साहेबांनी तिने दिलेली ती प्रत उलटसुलट करून बघितली. इतकंच म्हणाले की यापुढे तुमचा प्रत्येक नकाशा दुसरं कुणीतरी तपासेल, आणि मिस्त्रीला मी स्वतः फोन करतो. तिने मान हलवली. कामावरून काढलं असतं तर तिला कदाचित सोपं गेलं असतं.

घरी सांगायला संध्याकाळ झाली. दादा टेबलावर ताटं मांडत होता. तिने सांगायला सुरुवात केली तसा तो हातात ताट घेऊन उभाच राहिला. सगळं ऐकून झाल्यावर ताट खाली ठेवलं आणि म्हणाला, “मी त्याला काय काय बोललो गं.” मग बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला, आणि कितीतरी वेळ आत आला नाही.

वहिनी खुर्चीतून उठली. हिला वाटलं, आता जवळ घेईल, लहानपणापासून घ्यायची तशी. वहिनीने घेतलं नाही.

“ओट्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “उंच ओट्यांची सवय आहे मला. पण दुसऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचं, हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही शिकवलं.”

ही आपल्या खोलीत गेली आणि लहान मुलीसारखी रडली, आणि त्या रात्री तिला कुणी जेवायला हाक मारली नाही.

मिस्त्री लगेच आला नाही. साहेबांना त्याने सांगितलं की हातात घेतलेलं दुकानाचं काम पुरं केल्याशिवाय जमणार नाही. नवव्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन तो दारात उभा राहिला. दादाने त्याचे दोन्ही हात धरले, तेव्हा मिस्त्रीच म्हणाला, जाऊ द्या, तुम्हाला कुठे माहीत होतं. वहिनीने चहा दिला, तो त्याने बसून प्यायला. हिच्याकडे मात्र बघितलं नाही. हिने त्या दिवशी रजा काढली होती.

मग तो पायरी चढून स्वयंपाकघरात गेला आणि ही मागोमाग गेली. इतके दिवस मनात घोळवलेलं ती बोलायला लागली, की वरचा दगड अखंड निघाला तर बघा, खालचे विटांचे दोन थर काढायचे, आणि उंची पंच्याहत्तर...

मिस्त्रीने शर्टाच्या खिशातून एक लहान वही काढली, एक कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीसकट तिच्यापुढे धरली.

“लिहून द्या, ताई,” तो म्हणाला. “कुठल्या जमिनीपासून तेही लिहा. आणि खाली सही करा.”

बारा वर्षांत त्याने तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. तो वही तशीच धरून उभा होता, शांतपणे, लिहून झाल्याशिवाय छिन्नीला हात लावायचा नाही असं ठरवून आलेला. दारातून दादा-वहिनी बघत होते. तिने वही ओट्यावर ठेवली आणि लिहिलं, ओट्याची उंची पंच्याहत्तर सेंटिमीटर, स्वयंपाकघराच्या जमिनीपासून. खाली तारीख घातली, आणि सही केली.

त्याने ते वाचलं. टेप काढून जमिनीपासून पंच्याहत्तरवर भिंतीवर खूण केली, पुन्हा एकदा वहीत बघितलं, पुन्हा खुणेकडे. मग वही खिशात ठेवून दिली आणि हातोडा उचलला.